नाटकवाले किर्लोस्कर : अर्धं नाटक दाखवून अख्खी रंगभूमी उभी करणारा माणूस

किर्लोस्कर म्हटलं की आपल्याकडच्या शेतकऱ्याला आधी विहिरीवरचा पंप आठवतो. वय झालेल्या माणसाला लोखंडी नांगर आठवतो. पण हे नाव नांगरावर यायच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात घरोघर पोचलं होतं, आणि ते पोचलं होतं गाण्यांमुळे. ते किर्लोस्कर म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. लोक त्यांना अण्णासाहेब म्हणत.

मराठी संगीत नाटक त्यांनी उभं केलं हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. मात्र त्या एका ओळीमागे एक धाडस आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. अण्णासाहेबांनी गाजवलेली नाटकं तीन. आणि तिन्ही नाटकं त्यांनी लोकांसमोर आणली तेव्हा ती अर्धवट होती. आज कुणी असं केलं तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. त्या काळी लोकांनी काय केलं, तीच ही गोष्ट आहे.

सौंदत्तीच्या भागातलं पोरगं

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा. गाव गुर्लहोसूर, यल्लम्माच्या सौंदत्तीच्या भागातलं. आज हे गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात येतं. घरात मराठी, गावात कानडी. त्यामुळे पोराच्या कानावर दोन्हीकडची गाणी पडत मोठी झाली. सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं, कानडी आणि मराठी दोन्ही. पुढे शिक्षणासाठी धारवाड, कोल्हापूर आणि मग १८६३ च्या सुमारास पुणे.

योगायोग बघा. अण्णासाहेब जन्मले त्याच वर्षी, १८४३ साली, सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हा खेळ राजेसाहेबांच्या दरबारात केला. तो दिवस ५ नोव्हेंबरचा. आजही आपण ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळतो. म्हणजे मराठी नाटक आणि अण्णासाहेब एकाच वर्षाचे. दोघं बरोबरच वाढले म्हणायला हरकत नाही.

पोराला पुण्याला धाडलं ते शिकायला. पण तिथं त्याचं मन पुस्तकात कमी आणि नाटकवाल्यांत जास्त रमलं. हा पोरगा चटकन पदं रचतो हे कळल्यावर नाटक मंडळ्या त्याच्याकडून पदं करून घेऊ लागल्या. शिक्षण मागे पडलं. १८६६ मध्ये त्यांनी भरतशास्त्रोत्तेजक मंडळी नावाची स्वतःची नाटक मंडळी काढून पाहिली. ती फार चालली नाही. मग पोटापाण्यासाठी बेळगावात शाळामास्तर झाले, काही काळ पोलीस खात्यात गेले आणि शेवटी पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला लागले. १८७३ मध्ये शंकराचार्यांच्या जीवनावर 'शांकरदिग्जय' नावाचं गद्य नाटक लिहिलं. त्यानं फार काही उलथापालथ झाली नाही.

वयाची पस्तिशी उलटली. दिवसा कचेरीत कागद, रात्री डोक्यात नाटक. गावाकडं असा माणूस दिसला की आपण म्हणतो, याचं आता काही खरं नाही. अण्णासाहेबांबद्दलही तेव्हा कुणी तसं म्हटलं असतं तर नवल नव्हतं.

तेव्हा नाटक कसं असायचं?

पुढचं समजायचं तर आधी हे समजलं पाहिजे. भाव्यांच्या पद्धतीच्या नाटकात गाणं होतं, पण ते सगळं सूत्रधाराच्या गळ्यात. सूत्रधार एका बाजूला उभा राहून पद म्हणायचा, आणि राम, सीता, रावण त्याप्रमाणे हावभाव करायचे. संवाद बहुतेक आयत्या वेळी सुचतील तसे. राक्षस आला की आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट. लोकांना मजा यायची, पण सीतेचं दुःख सीतेच्या तोंडून गाण्यात कधी ऐकू यायचं नाही.

मग इंग्रजी शिकलेल्यांनी लिहिलेली नाटकं आली. विनायक जनार्दन कीर्तने यांचं 'थोरले माधवराव पेशवे' हे १८६१ चं नाटक त्यातलंच. संवाद लिहिलेले, बांधणी नीट. लोक त्यांना बुकिश नाटकं म्हणत. पण तिथं गाणं जवळजवळ गेलंच. म्हणजे एकीकडे गाणं होतं पण ते पात्राचं नव्हतं, आणि दुसरीकडे पात्र होतं पण त्याला गाणं नव्हतं.

अशात पुण्यात पारशी नाटक कंपनीचा एक गाण्यांचा खेळ अण्णासाहेबांनी पाहिला. त्यात पात्रं स्वतःच गात होती. हे मराठीत का होऊ नये, हा किडा तिथं त्यांच्या डोक्यात शिरला. त्यांनी कालिदासाचं 'शाकुंतल' हाती घेतलं आणि ते मराठीत करायला बसले. नोकरी चालूच होती. जो बोलतो तोच गाणार, हा त्यांचा नियम. शकुंतला गाणार, दुष्यंत गाणार, कण्व मुनीही गाणार.

दिवाळीतला तो रविवार

३१ ऑक्टोबर १८८०. वार रविवार, दिवस दिवाळीचे. पुण्यातलं आनंदोद्भव नाटकगृह. 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग लागला. पण मूळ नाटक सात अंकांचं, आणि अण्णासाहेबांनी त्या दिवशी लोकांना दाखवले फक्त चार अंक.

चौथा अंक म्हणजे शकुंतला सासरी निघते तो. कण्व ऋषींच्या आश्रमातली झाडं, हरणं, सख्या सगळे मागे राहतात. ज्याच्या घरातून लेक सासरी गेली आहे त्याला हा अंक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यापुढची गोष्ट मोठी कठीण आहे. दुष्यंत तिला ओळखत नाही, अंगठी हरवते, पोर बापाविना वाढतं. पण तो भाग त्या दिवशी रंगमंचावर आलाच नाही.

गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पुढे काय होणार याची उत्सुकता कुणाला नव्हती. तरीही लोकांना उरलेले तीन अंक हवे होते, कारण ते गाण्यात कसे येतील हे कुणालाच माहीत नव्हतं. जत्रेतल्या नाटकाचंही असंच असतं बघा. हरिश्चंद्राची गोष्ट पाठ असते, पण यंदाचा हरिश्चंद्र कसा गातोय हे ऐकायला आपण घोंगडी घेऊन पुढं जाऊन बसतो.

दुष्यंत झाले मोरोबा वाघोलीकर, शकुंतला झाले शंकरराव मुजुमदार. बाळकोबा नाटेकर हे तिसरे मोठे गायक. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत. चाली अण्णासाहेबांनी चारही दिशांनी गोळा केल्या होत्या. कीर्तनातली साकी आणि दिंडी, बैठकीतले राग, लावणीची चाल आणि लहानपणी ऐकलेल्या कानडी चाली. म्हणजे ज्याला रागदारी कळते तो खूश, आणि ज्यानं फक्त देवळात कीर्तन ऐकलंय त्यालाही चाल ओळखीची वाटायची. हे नवं नाटक लोकांना परकं वाटलं नाही, त्याचं खरं कारण हेच.

नाटक उचललं गेलं. पुढे सातही अंक तयार झाले. पदांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. एवढी पदं आणि सात अंक म्हटल्यावर रात्र सरायचीच. किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली आणि गावोगावी बोलावणी येऊ लागली.

टाळ्या कुणाच्या, कालिदासाच्या की अण्णासाहेबांच्या?

यशानंतर खरी परीक्षा असते. 'शाकुंतल' गाजलं खरं, पण ते कालिदासाचं. जगातलं एक थोर नाटक मराठीत आणून त्यात गाणी घातली, यात अण्णासाहेबांचं स्वतःचं किती, असं विचारणारा विचारू शकत होता. सुगरणीनं दुसऱ्याच्या घरच्या धान्यावर पुरणपोळी केली तर कौतुक होतं, पण आपलं धान्य पिकवून दाखव म्हणणारेही असतात.

अण्णासाहेबांनी मग स्वतःचं नाटक लिहायला घेतलं. विषय महाभारतातला, सुभद्रेच्या लग्नाचा. पण नाटक पूर्ण त्यांचं. बांधणी त्यांची, संवाद त्यांचे, पदं त्यांची. तेच 'संगीत सौभद्र'.

गोष्ट थोडक्यात अशी. थोरल्या भावानं, बलरामानं, सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय. सुभद्रेचं मन अर्जुनावर. धाकटा भाऊ कृष्ण तोंडावर थोरल्याला हो म्हणतो आणि आतून अर्जुनाची वाट मोकळी करतो. रुक्मिणी वहिनी काळजीत. नारद येऊन काड्या टाकतो. घटोत्कच सुभद्रेला झोपेतून उचलून रानात नेतो. शेवटी अर्जुन संन्यासी होऊन येतो, आणि ज्याला हे लग्न नको तो बलरामच या साधूच्या पाया पडून सुभद्रेला त्याच्या सेवेला लावतो.

आता यातली देवांची नावं काढून टाका आणि आपल्या वाड्यावस्तीवरची नावं घाला. लग्न ठरवणारा तापट थोरला भाऊ, गोड बोलून काम साधणारा धाकटा, मधे सापडलेली वहिनी आणि जिला कुणी विचारलंच नाही ती पोर. हे कुठल्या गावात घडत नाही? अण्णासाहेबांनी देवांना घरातल्या माणसांसारखं बोलायला लावलं. रुसवेफुगवे, टोमणे, थट्टा सगळं घरचं. म्हणून लोक हसत होते आणि हसता हसता सुभद्रेसाठी जीवही टांगणीला लागत होता.

बडोद्याहून आलेला आवाज

'सौभद्र' उभं राहत असताना मंडळीत एक नवा पोरगा आला. नाव भाऊराव कोल्हटकर. बडोद्याचा, वय एकोणीस. लाडानं त्याला भावड्या म्हणत. आवाज असा की उंच चढला तरी फाटायचा नाही आणि मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचायचा. तेव्हा माईक नव्हता हे लक्षात घ्या. नाटकगृह भरलेलं, आणि शेवटच्या माणसाला गाणं ऐकू जायचं ते फक्त छातीच्या जोरावर. सुभद्रेचं काम त्याला मिळालं. मोरोबा अर्जुन, बाळकोबा नारद.

१८ नोव्हेंबर १८८२, शनिवार. पुण्यातलं पूर्णानंद नाटकगृह. 'सौभद्र'चा पहिला प्रयोग. आणि इथंही तेच. नाटक पाच अंकांचं, दाखवले तीन.

दोन वर्षांपूर्वीचा प्रेक्षक नवखा होता. यावेळचा प्रेक्षक 'शाकुंतल' ऐकून तयार झालेला होता. त्याला माहीत होतं की हा माणूस काय करू शकतो, आणि म्हणून त्याची अपेक्षाही मोठी होती. अशा माणसासमोर अपुरं नाटक ठेवायचं म्हणजे छाती लागते. पण तीन अंकांतच निकाल लागला. पुढच्या वर्षी पाचही अंक रंगमंचावर आले, आणि टाळ्या कुणाच्या या प्रश्नाचं उत्तर कायमचं मिळालं.

त्यानंतर जे झालं ते नाटकगृहाच्या बाहेर झालं. पदं घराघरात गेली. तेव्हा रेडिओ नाही, तबकडी नाही, मोबाईल तर सोडाच. एकदा ऐकलेलं गाणं घरी न्यायचं तर ते डोक्यातच न्यावं लागे. लोक पुन्हा पुन्हा प्रयोगाला येत, पद पाठ करून जात. आवडलेलं पद पुन्हा म्हणायला लावायची, म्हणजे वन्स मोअर द्यायची रीत संगीत नाटकात अशी रुळली की पुढे कितीतरी वर्षं नाटक पहाटेपर्यंत लांबायचं एक कारण तेच होतं.

सगळेच खूश होते असं मात्र नाही. नाटकवाला म्हणजे वाया गेलेला, हा समज तेव्हा घट्ट होता. चांगल्या घरातला पोरगा लुगडं नेसून उभा राहतो हे अनेकांना रुचत नव्हतं. माणूस दुःखात असताना गातो कसा, हा आक्षेप तर संगीत नाटकाच्या मागे कायमचा लागला. त्याचं उत्तर आपल्या आयाबायांकडे आहे. जात्यावर बसून त्या माहेरची आठवण गाण्यातच काढत होत्या. दुःखात माणूस गातो, हे आपल्या मातीला नवं नव्हतं.

तिसरं नाटक

१८८४ मध्ये अण्णासाहेबांनी तिसरं नाटक आणलं, 'रामराज्यवियोग'. रामाला राज्य मिळता मिळता सुटतं, ती गोष्ट. यावेळीही तीनच अंक. लोकांना आता या माणसाची सवय माहीत झाली होती. आधी अर्धं येतं, थोडं थांबावं लागतं, मग बाकीचं येतं. लोक थांबले.

बाकीचं आलं नाही. अण्णासाहेबांची तब्येत ढासळली. ते आपल्या गावी गुर्लहोसूरला गेले आणि तिथंच २ नोव्हेंबर १८८५ रोजी गेले. वय अवघं ४२. 'शाकुंतल'च्या पहिल्या प्रयोगाला त्या वेळी पाच वर्षं आणि दोन दिवस झाले होते. बस्स, एवढाच त्यांचा संगीत नाटकाचा सगळा काळ. पस्तिशी उलटेपर्यंत ज्याचं काही खरं नाही असं वाटावं, त्या माणसानं पाच वर्षांत एका भाषेची रंगभूमी बदलली.

'रामराज्यवियोग' आजही अपुरंच आहे.

मागे राहिलं ते

मालक गेला की नाटक कंपनी मोडते, हे नेहमीचं. किर्लोस्कर मंडळी मोडली नाही. अण्णासाहेबांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल, सांगलीजवळच्या हरिपूरचे, यांनी नाटकं लिहिली आणि नटांना शिकवलं. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ चं. म्हाताऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावायच्या चालीवर त्यांनी त्यात बोट ठेवलं. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले तेव्हा आता संपलं असं अनेकांना वाटलं. १९०५ साली नारायण राजहंस नावाचा पोरगा मंडळीत आला. तेच बालगंधर्व. १९११ मध्ये याच मंडळीनं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' केलं. 'सौभद्र' तर सव्वाशेहून जास्त वर्षं नव्या नव्या गळ्यांतून चालूच राहिलं.

आणि तो नांगर? लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याच घराण्यातले, त्याच गुर्लहोसूरचे, १८६९ चा जन्म. अण्णासाहेब गेले तेव्हा लक्ष्मणराव सोळा वर्षांचे होते. पुढे १९१० मध्ये त्यांनी कुंडल रोडजवळच्या माळरानावर कारखाना काढला आणि तिथं किर्लोस्करवाडी वसली. एकाच गावातून, एकाच आडनावातून एकानं शेताला नांगर दिला आणि एकानं रात्रीला गाणं दिलं.

आपल्या तालुक्यात अजूनही काही गावांत जत्रेला नाटक होतं. तालमीला पोरं जमत नाहीत, गाणारा मिळत नाही, खर्च परवडत नाही, अशी रड दरवर्षी असते. दोन अंक बसतात आणि तिसरा बसत नाही म्हणून कित्येक ठिकाणी नाटकच रद्द होतं आणि ऑर्केस्ट्रा बोलावला जातो. अशा वेळी अण्णासाहेबांची आठवण काढावी. चार अंक तयार आहेत ना? मग पडदा उघडा आणि चार अंक करा. ते मनापासून केले तर उरलेल्यासाठी लोक थांबतात. पुण्यातले लोक १८८० साली थांबले होते, आपल्या गावचेही थांबतील.